आधी वजन, मग शॉकअप

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरी गावातून उत्तरेला क्वीन्सलँडमधल्या बर्ड्सव्हिलकडे जाणारा कच्चा रस्ता 517 किलोमीटरचा आहे. वाटेत मंगरॅनीला एक हॉटेल आणि डिझेलचा पंप. बाकी दगडगोटे, वाळू आणि एकमेकांपासून दूरदूर पसरलेली गुरांची स्टेशनं. तरी हा त्यातल्या त्यात निगा राखलेला रस्ता. त्याच्या पश्चिमेला सिम्प्सन वाळवंटात वाळूच्या टेकाडांच्या अकराशेच्या आसपास रांगा एकामागून एक ओलांडाव्या लागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट विलूनापासून हॉल्स क्रीकपर्यंत साधारण साडेअठराशे किलोमीटर जातो, आणि किंबर्लीतला गिब रिव्हर रोड साडेसहाशेच्या पुढे. अशा वाटांसाठी गाडी तयार करताना लोक टायर, विंच, छतावरचा तंबू, फ्रिज यांवर महिनोन्‌महिने चर्चा करतात आणि शॉकअपचा निर्णय मात्र दुकानदाराच्या एका वाक्यावर सोडून देतात. ही पुस्तिका त्या एका निर्णयासाठी लिहिली आहे.

ती मराठीत लिहिण्याचं कारण सरळ आहे. मेलबर्न, सिडनी, पर्थ, ॲडलेडमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबं आता प्राडो, हायलक्स, लँडक्रूझर घेऊन शहरापासून दूर निघू लागली आहेत. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे तिथे भाड्याची फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन उलुरूच्या पुढच्या वाटा धुंडाळतात. यातल्या बहुतेकांचा गाडीवरचा हात सह्याद्रीच्या घाटांत आणि पावसाने उखडलेल्या रस्त्यांवर बसलेला असतो. त्या हाताला खड्डा नेमका कळतो. खड्डा आला की वेग कमी, क्लच, पहिला-दुसरा गिअर, चाक अलगद खाली, अलगद वर. त्यात कस लागतो तो स्प्रिंगचा, पाट्यांचा आणि रबरी बंप-स्टॉपचा. एका खड्ड्यानंतर दुसरा येईपर्यंत शॉकअपला उसंत मिळते. आउटबॅकच्या वाटेवर नेमकी ही उसंत मिळत नाही, आणि म्हणून घाटातला अनुभव तिथे अर्ध्यावर साथ सोडतो.

तिथल्या कच्च्या रस्त्यावर सिमेंटच्या पत्र्यावर असतात तशा आडव्या लाटा उठलेल्या असतात. स्थानिक लोक त्यांना कॉरुगेशन म्हणतात. दोन लाटांमधलं अंतर कुठे फूटभर, कुठे तीन फूट. खोली कुठे बोटभर, तर वाहतूक जास्त आणि रस्ता सपाट करणारं ग्रेडर यंत्र बरेच दिवस फिरकलेलं नसेल तिथे त्याहून पुष्कळ जास्त. हिशेब करून पाहा. ताशी 80 किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला 22 मीटर. लाटा पाऊण मीटरवर असतील तर प्रत्येक चाक सेकंदाला तीस वेळा वरखाली होतं. तासाभरात हा आकडा लाखाच्या वर जातो. पाचशे किलोमीटर अशाच रस्त्यावर काढले तर साडेसहा लाखांच्या वर. मुंबई-गोवा महामार्गाच्या वाईटात वाईट दिवसांतही कुठल्या गाडीच्या शॉकअपने एका प्रवासात एवढे हेलकावे खाल्ले नसतील.

या लाटा का उठतात यावर चांगलं काम झालेलं आहे. कीथ मेदर या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने 1963 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या प्रश्नावर लेख लिहिला. कोरड्या, सुट्या पृष्ठभागावर चाक एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की लहानशा उंचवट्यावरून उसळतं, पडतं तिथे माती दाबतं आणि पुढे ढकलतं. त्याच जागी पुढचं चाकही उसळतं, आणि लाट वाढत जाते. 2007 मध्ये ताबर्ले, मॉरिस आणि मॅकेल्वेन या तिघांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रयोगांती दाखवलं की लाटा उठायला चाकाला स्प्रिंग असावीच लागते असंही नाही. फिरत्या टेबलावरच्या वाळूत साधं चाक सोडलं आणि वेग पुरेसा असला की लाटा येतातच. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढा की ग्रेडरने सपाट केलेला रस्ता रहदारी सुरू झाली की पुन्हा तसाच होतो. निघण्याआधी रोडहाउसवर ‘ग्रेडर शेवटचा कधी फिरला?’ हा प्रश्न जरूर विचारावा. पण उत्तर काहीही आलं तरी गाडी लाटांसाठीच तयार असली पाहिजे.

आता त्या तीस हेलकाव्यांचं शॉकअपच्या आत काय होतं ते पाहू. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. धक्का पहिल्यांदा झेलते तीही स्प्रिंगच. पण दाबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते, आणि ते थांबवायचं काम शॉकअपचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला छिद्रं आणि छिद्रांवर पातळ पोलादी चकत्या. चाक हललं की तेल त्या चकत्या वाकवत छिद्रांतून जातं आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन तेलात उतरते. ही उष्णता नळीच्या अंगातून बाहेरच्या हवेत गेली पाहिजे. जेवढी आत येते तेवढी बाहेर गेली नाही तर तेल तापत राहतं, पातळ होतं, छिद्रांतून विनासायास पळू लागतं. तेलात हवा किंवा वायू मिसळला तर फेस होतो, आणि फेस दट्ट्याला अडवू शकत नाही. ड्रायव्हरला आधी एवढंच जाणवतं की मागचा भाग वळणावर जरा बाजूला सरकतोय, स्टिअरिंग जरा हलकं लागतंय. खरं तर त्या वेळी चाकं बराच वेळ जमिनीला टेकतच नसतात. तशा स्थितीत ब्रेक दाबला किंवा कांगारू चुकवायला स्टिअरिंग झटकन फिरवलं तर गाडी उलटू शकते. तेल आणखी तापलं की सील सुटतं, तेल बाहेर येऊन त्यावर लाल धूळ चिकटते, आणि शॉकअप कामातून जातो.

म्हणून शॉकअप निवडायचा तो उष्णता बाहेर टाकणारं यंत्र म्हणून. गाडी किती उंच होईल, रंग कोणता, शहरातल्या रस्त्यावर बसायला किती मऊ लागेल, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे. या विषयातलं माझं मुख्य म्हणणं हेच आहे आणि पुढच्या प्रकरणांतले सगळे तक्ते त्यातूनच निघाले आहेत.

कुणी म्हणेल, जुन्या काळी लोक याच वाटांवर जात होतेच की! जात होते. 1866 मध्ये टॉमस एल्डर यांनी कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे सांभाळणारे बोटीने दक्षिण ऑस्ट्रेलियात आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. मरी हे पुढे या उंटवाल्यांचं मोठं ठाणं झालं. त्यांनी तिथे मशीद बांधली. त्यांच्यामागून टॉम क्रूझ आले. 1936 पासून पुढची कितीतरी वर्षं ते मरी-बर्ड्सव्हिल टपाल नेत असत. त्यांचा लेलँड बॅजर ट्रक 1954 च्या ‘द बॅक ऑफ बियाँड’ या माहितीपटात दिसतो आणि आज दक्षिण ऑस्ट्रेलियात बर्डवुडच्या मोटार संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. पण त्या ट्रकला जाडजूड पाटे होते. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा त्या घर्षणातच हेलकावा बराचसा जिरतो. आणि वेग इतका कमी असे की शॉकअपने तापावं असा प्रसंगच क्वचित यावा. 1955 ते 1958 या काळात लेन बीडेल यांच्या तुकडीने गनबॅरल हायवे आखून काढला तो वूमेराच्या क्षेपणास्त्र चाचण्यांच्या कामासाठी. पर्यटकांची तीन टनांची गाडी त्यावरून ताशी 80 ने जाईल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्या काळच्या कितीतरी वाटा अजून जवळजवळ तशाच आहेत. बदललं आहे ते गाडीचं वजन आणि वेग, आणि उष्णता या दोहोंबरोबर वाढते.

वजनाविषयी या पुस्तिकेत सर्वांत मोठं प्रकरण आहे आणि ते मुद्दाम पहिलं ठेवलं आहे. एक उदाहरण घ्या. 200 मालिकेतल्या लँडक्रूझरला कंपनीने ठरवलेलं कमाल एकूण वजन, ज्याला तिथे सगळे जीव्हीएम म्हणतात, 3350 किलो आहे. रिकामी गाडी 2700 किलोंच्या आसपास भरते. म्हणजे हातात उरले सहाशे-साडेसहाशे किलो. चार मोठी माणसं तीनशे किलो. माणशी रोज पाच लिटर धरून सहा दिवसांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी 120 किलो. वाढीव टाकीतलं 90 लिटर डिझेल 75 किलो. पुढचा बुलबार आणि विंच मिळून शंभराच्या घरात, मागचे खण, फ्रिज आणि दुसरी बॅटरी आणखी शंभर, दुसरं स्टेपनी चाक चाळीस, छतावरचा तंबू साठ. डाळ-तांदूळ, कुकर, अंथरूण-पांघरूण आणि हत्यारांची पेटी धरायच्या आधीच बेरीज आठशेला टेकते. अशी गाडी कायद्याने जास्त भरलेली आहे, अपघात झाला तर विमा कंपनीला आक्षेप घ्यायला ती जागा देते, आणि तिच्या मागच्या शॉकअपकडून कारखान्याने कधी न योजलेलं काम करून घेते. नियमाप्रमाणे जीव्हीएम वाढवून घेण्याची सोय आहे. त्याची प्रमाणपत्रं आणि राज्याराज्यांतले फरक पाचव्या प्रकरणात आहेत.

या वजनावरून स्प्रिंग ठरते आणि स्प्रिंगवरून शॉकअप. हा क्रम उलटा करू नये. दुकानात मागच्या स्प्रिंगा कायम 300 किलो, कायम 500 किलो अशा मापांत मिळतात. यातला ‘कायम’ हा शब्द कान देऊन ऐकावा. वर्षातून दोन आठवडे जड आणि बाकी वर्षभर शाळा-ऑफिस करणाऱ्या गाडीला पाचशेची स्प्रिंग घातली तर रिकाम्या गाडीत ती उसळत राहते आणि तिला आवरता आवरता शॉकअप झिजतो. स्प्रिंग जितकी ताठ तितका परतीच्या हालचालीवरचा शॉकअपचा अटकाव जास्त लागतो. पण तोही अति झाला तर कॉरुगेशनवर वेगळाच त्रास उभा राहतो. एका लाटेतून वर गेलेलं चाक पुढची लाट यायच्या आत पुरतं खाली येत नाही, गाडी हळूहळू दबत जाते आणि शेवटी बंप-स्टॉपवरच चालू लागते. बसणाऱ्याला वाटतं स्प्रिंग मऊ पडली, म्हणून तो आणखी ताठ स्प्रिंग घालतो, आणि त्रास वाढतो. चांगला दुकानदार तुमची गाडी, तुमचं वजन आणि तुमची वाट विचारल्याशिवाय शॉकअपचं नाव काढत नाही. न विचारता नाव काढणाऱ्याकडून घेऊ नका.

शॉकअपच्या जातींबद्दल लोकांत फार आग्रही मतं आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये काम करणारी नळी आत असते आणि जास्तीचं तेल बाहेरच्या नळीत. स्वस्त, टिकाऊ, आणि बाहेरच्या नळीला दगडाने पोचा पडला तरी आतला दट्ट्या बहुधा चालत राहतो. उणीव हीच की आतली उष्णता बाहेर यायला मधला तेलाचा आणि वायूचा थर आड येतो. एकेरी नळीचा शॉकअप 1950 च्या दशकात फ्रान्समधल्या द कार्बाँ यांच्या कल्पनेतून आला आणि जर्मनीच्या बिलस्टीनने तो मोटारींत रूढ केला. त्यात जास्त दाबाचा नायट्रोजन एका तरंगत्या दट्ट्याने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो, म्हणून फेस होत नाही, आणि तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने उष्णता लवकर निघते. मात्र त्याच भिंतीवर धारदार दगड बसला की दट्ट्या अडकतो. स्टर्टच्या दगडी वाळवंटासारख्या गोट्यांच्या पट्ट्यात पुढची चाकं उडवतात ते दगड थेट मागच्या शॉकअपवर येतात, त्यामुळे तिथे संरक्षक पत्रा हवाच. तिसरा प्रकार फोम-सेलचा. त्यात मोकळ्या वायूऐवजी बंद पेशींचा फोम असतो, म्हणजे तेलात मिसळायला वायूच सुटा राहत नाही. ऑस्ट्रेलियन कंपन्यांच्या जड कामाच्या शॉकअपमध्ये तो बराच दिसतो. चौथा, बाहेर वेगळी टाकी जोडलेला. तेल जास्त, गारवा जास्त, पण नळी आणि जोड यांना दगड-काट्यांपासून जपावं लागतं आणि किंमत कितीतरी पट.

माझं मत विचाराल तर भरलेल्या कौटुंबिक गाडीसाठी मोठ्या व्यासाचा दुहेरी नळीचा किंवा फोम-सेल शॉकअप पुरतो, आणि चार पैसे जास्त असतील तर ते बाहेरच्या टाकीवर घालण्याआधी सामान कमी करून पाहावं. व्यास इथे फार महत्त्वाचा. दट्ट्या 35 मिलिमीटरचा आणि 45 मिलिमीटरचा यांच्या क्षेत्रफळात दीडपटीहून जास्त फरक पडतो. तोच जोर कमी दाबात पेलला जातो, तेल जास्त मावतं, हवेला लागणारं अंगही वाढतं. ओल्ड मॅन एमू, टफ डॉग, आयर्नमन, डॉबिन्सन्स, कोनी, बिलस्टीन ही नावं तिथे प्रत्येक कॅम्पवर ऐकू येतात. प्रत्येकाचे हलके आणि भारी असे निरनिराळे माल आहेत. नावावर जाऊ नका, व्यास आणि लांबी विचारा.

लांबीची गोष्ट थोडक्यात. गाडी दोन इंच उंच केली आणि शॉकअप मूळ लांबीचाच ठेवला तर चाक खाली लोंबताना शॉकअप ताणून आपटतो आणि त्याचा माथा तुटतो. फार लांब घातला तर वर दबताना बंप-स्टॉपच्या आधी तोच तळाला लागतो. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असेल तर शॉकअप चाकापासून आतल्या बाजूला असतो. तिथे तो हलतो कमी, पण जोर जास्त खातो. एकसंध ॲक्सलच्या गाडीत हिशेब निराळा. दोन्हींची मापं कशी घ्यायची ते आकृत्यांसह चौथ्या प्रकरणात आहे.

यानंतर जे सांगतो आहे त्याला पैसे लागत नाहीत, आणि म्हणूनच बहुधा ते सर्वांत कमी केलं जातं. टायर ही पहिली स्प्रिंग आहे. डांबरी रस्त्यावर 38-40 पीएसआय हवा घेऊन निघालेली भरलेली गाडी कॉरुगेशनवर 28-30 वर आणली तर लाटेचा माथा टायरच गिळतो आणि शॉकअपपर्यंत पोहोचणारी उष्णता कमी होते. हवा कमी केली की वेगही कमी करावा, नाहीतर टायरच तापून फुटतो. पुढे डांबर लागलं की हवा पुन्हा भरावी. छोटा कॉम्प्रेसर सोबत असल्याशिवाय निघूच नये. ‘80 ने गेलं की गाडी लाटांवरून तरंगते’ असं तिथले अनुभवी लोकही सांगतात. तरंगते हे खरं, बसणाऱ्याला बरंही वाटतं. पण चाक निम्मा वेळ हवेत असेल तर स्टिअरिंग आणि ब्रेकही निम्मेच उरतात. लहान मुलं गाडीत असताना मी हा सल्ला कुणाला देणार नाही.

तासाभराने थांबा. खाली वाका. शॉकअपला हात लावू नका, भाजेल. तळहात दोन बोटं अंतरावर धरा किंवा इन्फ्रारेड तापमापक वापरा. तीन तापलेले आणि एक थंड असेल तर खूश होऊ नका, तो थंड आहे कारण त्याने काम करणं सोडलं आहे. तेलावर चिकटलेली ओली धूळ, फाटलेले रबरी बुश, सैल झालेला माथ्याचा नट, पाट्याच्या क्लिपा, हे सगळं त्याच थांब्यावर पाहून होतं. शॉकअप गेला असं वाटतं तेव्हा कितीदा तरी त्याचं बुशच गेलेलं असतं. चार बुश, दोन नट-वायसर आणि लांब वाटेवर मागचा एक शॉकअप जादा, एवढं सामान सोबत असू द्या. त्याचं वजन छतावरच्या दुसऱ्या टेबलाहून कमी भरतं आणि उपयोग कितीतरी जास्त.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एक कोरा तक्ता दिला आहे. पुढची प्रकरणं वाचण्याआधी गाडी सहलीच्या पूर्ण सामानासह, भरल्या टाक्यांसह आणि घरच्या सगळ्या माणसांसह सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि एकूण असे तीन आकडे त्या तक्त्यात लिहा, आणि काट्याची पावती खिशात ठेवूनच शॉकअपच्या दुकानात जा.